ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅबोरिजिनल बायकांची बाळंतपणं : 'सगळ्यांना सारखं वागवते' हे पुरेसं का नाही?

आरोही_एन
नमस्कार मंडळी. मी पुण्यात बरीच वर्षं प्रसूती विभागात नर्स होते. आता ऑस्ट्रेलियाची मिडवाइफची नोंदणी हातात आलीय आणि नॉर्दर्न टेरिटरीतल्या एका सरकारी रुग्णालयात नोकरी मिळालीय. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय. तिथे येणाऱ्या बाळंतिणींत तिथल्या मूळ रहिवासी, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल बायका बऱ्याच असतात.

रुजू होण्याआधी 'कल्चरल सेफ्टी'चं (सांस्कृतिक सुरक्षिततेचं) ऑनलाइन प्रशिक्षण सक्तीचं आहे. ते केलं. ठिपक्यांच्या नक्षीच्या सुंदर स्लाइड, 'त्यांच्या संस्कृतीचा आदर करा' हे दहा तऱ्हांनी सांगितलेलं, शेवटी प्रश्नमंजूषा. सगळी उत्तरं बरोबर आली. पण वॉर्डात उभी राहिल्यावर मी नेमकं काय करायचं, ते काही कळलं नाही.

आजवर मी बंगल्यातली बाई आणि वीटभट्टीवरची बाई यांत फरक केला नाही. तेवढं तिथे का पुरत नाही? कुणी तिकडे काम केलं असेल तर सांगा. पुस्तकी नको, ते मी वाचलंय.

वाट_चुकलेला
रुमाल टाकून ठेवतो. नंतर सविस्तर.

डॉ_सुमंत
अभिनंदन. माझं मत स्पष्ट सांगतो, मग हव्या त्यांनी विटा माराव्यात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव बाईची संस्कृती विचारून सुरू होत नाही. रक्तपेढी, भूल देणारा डॉक्टर, शस्त्रक्रियागृह आणि वेळेत पोचणं, याने आई वाचते. गेल्या काही वर्षांत 'संस्कृतीनुसार प्रसूती', तिकडचं 'बर्थिंग ऑन कंट्री', या नावाखाली जे चाललंय, त्यात बायकांना परत माळरानावर बाळंत व्हायला पाठवण्याचा रोमँटिकपणा दिसतो. आपण दाईकडून दवाखान्यात यायला पन्नास वर्षं घालवली, हे विसरू नये.

उंटावरचा_शहाणा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मेलबर्नचा_काका
आरोही, विषय गंभीर आहे, पण एक किस्सा सांगतोच. सुनेला इथे नाव नोंदवायला नेलं होतं. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, 'तुम्ही अ‍ॅबोरिजिनल किंवा टॉरेस स्ट्रेट आयलंडर, म्हणजे इंडिजिनस, वंशाच्या आहात का?' सून उत्तर देणार इतक्यात आमच्या व्याह्यांनी 'इंडिजिनस' एवढं ऐकलं आणि छाती पुढे काढून म्हणाले, 'येस येस, इंडियन!' पुढे दोन फॉर्म दुरुस्त करावे लागले.

मला वाटायचं, आमचे चेहरे बघूनही हा प्रश्न का विचारतात?

रेवती_डी
काका, चेहरा बघून ठरवायचं नाही म्हणूनच प्रत्येकीला विचारतात. गोऱ्या कातडीची, निळ्या डोळ्यांची अ‍ॅबोरिजिनल बाई असू शकते. आणि बाळाबद्दल वेगळं विचारतात, कारण आई नसेल पण बाप असू शकतो. काही कर्मचाऱ्यांना हा प्रश्न विचारायची लाज वाटते, ते परस्पर 'नाही'वर खूण करून मोकळे होतात. मग त्या बाईपर्यंत तिच्यासाठीची सेवा पोचतच नाही.

आरोही, मी टेरिटरीत आणि नंतर क्वीन्सलँडमध्ये मिडवाइफ म्हणून काम केलंय. थोडं लांबण लावते.

तुझ्या 'सारखं वागवते'चं उत्तर इतिहासात आहे. साधारण १९१० ते १९७० या काळात अ‍ॅबोरिजिनल मुलांना आईबापांपासून तोडून मिशन, अनाथालयं आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवण्याचं धोरण राबवलं गेलं. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाचा अंदाज आहे की दहांतल्या एकापासून तिघांतल्या एकापर्यंत मुलं अशी नेली गेली. पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ ला. म्हणजे तुझ्यासमोर बसलेल्या मुलीची आजी कदाचित स्वतःच नेलेलं मूल असेल. आणि हे संपलंय असंही नाही. आजही घराबाहेर, सरकारी देखरेखीत असलेल्या मुलांत अ‍ॅबोरिजिनल मुलांचं प्रमाण इतरांच्या दहापटीहून जास्त आहे. बाळ जन्मायच्या आधीच बालसंरक्षण खात्याकडे कळवण्याची तरतूद आहे, आणि कळवणारे बरेचदा आपणच असतो, दवाखान्यातले.

आता विचार कर. तू हसून, सगळ्यांना विचारतेस तसंच विचारतेस, 'घरी कोण कोण असतं? दारू कोण पितं? झोपायला जागा आहे?' पुण्यातली बाई उत्तर देईल. इथली बाई गप्प होईल, आणि पुढच्या तपासणीला येणारच नाही. तिला हलगर्जी म्हणून नोंदवलं जाईल, आणि तीच नोंद नंतर तिच्याविरुद्ध वापरली जाईल. प्रश्न तोच होता, फक्त तिच्या कानावर तो वेगळा पडला.

डॉक्टरसाहेब, तुमच्याकडे नंतर येते. ड्यूटी आहे.

कोरडा_मोगरा
रेवती, हे वाचून गप्प झाले. शाळेत ऑस्ट्रेलिया म्हणजे मेंढ्या, गहू आणि ब्रॅडमन एवढंच शिकलो.

डॉ_सुमंत
इतिहास मान्य. दुःखद आहे. पण माझा मुद्दा वैद्यकीय होता, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

वाट_चुकलेला
रुमाल उचलतो. मी पर्थला असतो, खाणीच्या कंपनीत, त्यामुळे आतल्या वस्त्यांवर जाणं होतं. डॉक्टर, तुम्ही म्हणता ते 'वेळेत पोचणं' तिथे कसं करतात ते सांगतो. बऱ्याच लांबच्या वस्त्यांत प्रसूतीची सोयच नाही. त्यामुळे ३६ ते ३८ आठवडे झाले की बाईला विमानाने किंवा गाडीने शहरात आणून ठेवतात, डार्विन, अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, केर्न्स वगैरे. कळा सुरू होईपर्यंत वसतिगृहात बसून राहायचं. सोबत कुणाला आणता येईल, त्याचं भाडं सरकार देणार की नाही, याचे नियम. घरी दोन लहान पोरं दुसऱ्यांकडे सोडलेली. कित्येक जणी शेवटच्या क्षणापर्यंत लपून राहतात आणि मग कळा सुरू झाल्यावर वस्तीच्या दवाखान्यात येतात, जिथे ना मिडवाइफ ना रक्त. म्हणजे सुरक्षिततेसाठी केलेल्या नियमातून नेमका धोकाच तयार होतो.

गोंडवन
वाट_चुकलेला, हे वाचून गडचिरोली आठवली. मी भामरागड भागात आरोग्य खात्यात काम केलंय. पर्लकोटेला पूर आला की तालुका तुटतो, त्यामुळे बायकांना आधी आणून ठेवणं आम्हीही करतो. पण आपल्याकडे त्यातून 'माहेरघर' निघालं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातच राहण्याची जागा, बाईबरोबर सोबतीण आणि लहान मूल चालतं, जेवण, बुडालेल्या मजुरीचे पैसे. सगळीकडे नीट चालतं असं म्हणणार नाही, काही माहेरघरांत मी फक्त जुनी कपाटं ठेवलेली पाहिली. पण बाईला एकटी आणून बसवायचं नाही, एवढं तरी त्यात मूळ धरून आहे.

आणि शोधग्रामला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना बांधताना आदिवासींनाच विचारलं होतं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना राहायला जागा नसते, असं लोक म्हणाले. मग पाड्यासारख्या झोपड्यांचा दवाखाना झाला आणि नाव मिळालं दंतेश्वरी देवीचं. त्याच बंगांच्या संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवून नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी केले, १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं ते. डॉक्टरसाहेब, तिथे रोमँटिकपणा कुठेय?

डॉ_सुमंत
बंगांच्या कामाबद्दल आदरच आहे. पण मग गोंडवन, तुम्हालाच विचारतो. माडिया गोंडांत कुर्माघर आहे, पाळीच्या दिवसांत बाईने त्या खोपटात राहायचं. साप चावून, आजार अंगावर काढून बायका मेल्यात. ती पण संस्कृतीच ना? तिचाही आदर करायचा का? रेषा कुठे आखायची ते सांगा.

उंटावरचा_शहाणा
डॉक्टरांनी काडी टाकली. पॉपकॉर्नचा दुसरा डबा.

गोंडवन
काडी नाही, प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं : मी बाहेरून जाऊन कुर्माघर पाडणार नाही आणि त्याची आरतीही ओवाळणार नाही. तिथल्या बायकांना विचारलं तर काही म्हणतात बंद करा, काही म्हणतात निदान पक्कं बांधा, दार लावा, दिवा द्या. काही गावांत पक्की कुर्माघरं झालीही. ठरवणाऱ्या त्या असाव्यात. तुम्ही 'संस्कृती' म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर पाटील आणि पुजारी येतो, माझ्या डोळ्यांसमोर सोमी आत्या येते (नाव बदललंय), जिने स्वतःच्या सुनेला तिथे ठेवायला नकार दिला.

निळी_शाई
गोंडवन, प्रतिसाद आवडला.

थोडं अवांतर. व्हिक्टोरियात अ‍ॅरारॅटजवळ जाब वुरुंग लोकांची पवित्र झाडं आहेत. त्यांत बाळंतपणाची झाडं, खोडात पोकळी असलेले प्रचंड निलगिरी. एक सुमारे ८०० वर्षं जुनं मानलं जातं, पिढ्यान्‌पिढ्या बायका तिथे बाळंत झाल्या असं ते लोक सांगतात. वेस्टर्न हायवे रुंद करायला निघाले तेव्हा लोक २०१८ पासून तिथे तंबू ठोकून बसले. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांतलं एक झाड, बाळंतपणाचं नव्हे, दिशादर्शक मानलेलं, शेवटी तोडलंच. तेव्हा मी मेलबर्नला शिकत होते, लॉकडाऊनमध्ये सगळे आपापल्या घरात कोंडलेले आणि तिकडे करवत चालली. जमीन आणि जन्म यांचं नातं त्यांच्यासाठी किती खरं आहे ते मला तेव्हा कळलं.

तळेगावकर
झाडाखाली बाळंत होणं वगैरे ठीक, पण या 'बर्थिंग ऑन कंट्री' योजनांत करदात्यांच्या पैशातून एका गटासाठी वेगळी मिडवाइफ, वेगळी गाडी, वेगळं केंद्र? मीही सिडनीत कर भरतो. माझ्या बायकोला दर वेळी वेगळी मिडवाइफ मिळाली, दर वेळी पहिल्यापासून रामायण सांगावं लागलं. आम्ही नाही तक्रार केली.

कोरडा_मोगरा
ही तक्रारच होती हो.

रेवती_डी
:)) मोगरा!

आले परत. तळेगावकर आणि डॉक्टर, दोघांना एकत्रच उत्तर देते, कारण उत्तर एकच आहे.

'बर्थिंग ऑन कंट्री' म्हणजे माळरानावर बाळंतपण हा गैरसमज आहे. ब्रिस्बेनचं उदाहरण घ्या. तिथे २०१३ पासून दोन अ‍ॅबोरिजिनल आरोग्य संस्था आणि मेटर मदर्स हे रुग्णालय मिळून 'बर्थिंग इन अवर कम्युनिटी' चालवतात. बाळंतपण मेटरमध्येच होतं. डॉक्टर आहेत, शस्त्रक्रियागृह आहे, रक्त आहे. बदललं ते बाकीचं : पहिल्या तपासणीपासून बाळ काही आठवड्यांचं होईपर्यंत एकच ओळखीची मिडवाइफ, तिचा फोन रात्री-अपरात्रीही लागतो, सोबत अ‍ॅबोरिजिनल कुटुंब-मदतनीस, तपासण्या रुग्णालयाऐवजी वस्तीतल्या केंद्रात, न्यायला गाडी. आणि कारभारात त्यांच्या संस्थांचा अधिकार. नुसतं सल्लागार मंडळ नाही.

निकाल २०२१ च्या 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आहेत. नेहमीच्या सेवेच्या तुलनेत अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची शक्यता ३८ टक्क्यांनी कमी. पाच किंवा जास्त तपासण्या करणाऱ्या बायका जास्त, निव्वळ अंगावर पाजत घरी जाणाऱ्या जास्त. देशभरात अ‍ॅबोरिजिनल मातांची १३-१४ टक्के बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मतात, इतरांत ८ च्या आसपास. मातामृत्यू साधारण तिप्पट. तेव्हा एवढा फरक पाडणारं औषध कुणी शोधलं असतं तर डॉक्टरसाहेब, तुम्ही उद्या लिहून दिलं असतं. आणि तळेगावकर, नवजात अतिदक्षता विभागातला एकेक दिवस काय भावाने पडतो ते बघा, तुमच्या कराचा हिशेब जुळेल.

डॉ_सुमंत
तो पेपर काढून वाचतो. यादृच्छिक चाचणी नाही हे आत्ताच दिसतंय. मुळात जागरूक बायकाच अशा केंद्रात जात असतील.

रेवती_डी
रास्त शंका. त्यांनी सांख्यिकी पद्धतीने दोन्ही गट शक्य तितके तुल्य करून बघितलेत. चिठ्ठ्या टाकून काही बायकांना ही सेवा नाकारायला ती वस्ती तयार झाली असती का, तेही बघा.

आरोही_एन
सगळ्यांचे आभार, धागा इतका वाढेल असं वाटलं नव्हतं. पण मी ज्या रुग्णालयात जातेय तिथे एकच मिडवाइफ वगैरे नसेल. मी ड्यूटीवर, बाई कुठल्यातरी लांबच्या वस्तीवरून आलेली, आम्ही दोघी एकमेकींना पहिल्यांदाच बघतोय. तेव्हा काय करू?

रेवती_डी
आता कामाचं बोलू.

भाषा. तिची इंग्रजी तिसरी-चौथी भाषा असू शकते. वार्लपिरी, अरेरंटा, योल्ङू माथा, क्रिओल, काहीही. टेरिटरीत सरकारी अ‍ॅबोरिजिनल दुभाषी सेवा आहे, फोन कर, कंटाळा करू नकोस. ती 'येस' म्हणाली म्हणजे कळलं असं नाही, बरेचदा ते 'तू आता थांब' असतं. सिझेरियनच्या संमतीला तर हे जिवावर बेतेल.

गप्प बसायला शिक. प्रश्न विचारलास की थांब. आपण मराठी माणसं दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन टाकतो. ती डोळ्यांत बघत नाही म्हणजे काही लपवतेय असंही लिहू नकोस.

खोलीत कोण असावं, तिला एकटीला विचार. बऱ्याच ठिकाणी बाळंतपण हा पूर्ण बायकांचा प्रांत. नवरा बाहेर थांबला तर 'बापाला रस नाही' अशी नोंद करणारे महाभाग मी पाहिलेत. पुरुष डॉक्टर येणार असेल तर आधी सांग. आणि कित्येक समाजांत सासू आणि जावई एकमेकांसमोर येत नाहीत, बोलत नाहीत, त्यांच्यात तोच आदर. दोघांना एका खोलीत कोंबलंस तर दोघंही निघून जातील आणि बाई एकटी पडेल.

मेलबर्नचा_काका
सासू-जावयाने एकमेकांशी बोलायचंच नाही? हा समाज फार पुढारलेला आहे!

उंटावरचा_शहाणा
काका, काकूंना धागा पाठवतोय.

रेवती_डी
काका :D

पुढे. वार (प्लासेंटा) फेकायच्या आधी विचार. काही जणींना ती घरी, आपल्या भूमीत पुरायला न्यायची असते. त्यासाठी रुग्णालयाची पद्धत ठरलेली असते, ती पहिल्याच दिवशी शोधून ठेव. घरी गेल्यावर आज्या बाळाला आणि आईला विशिष्ट झाडाच्या पाल्याचा धूर देतात, अंग धरावं, दूध यावं, बाळ खंबीर व्हावं म्हणून. नाक मुरडू नकोस.

मूल गेलं किंवा घरात कुणी वारलं असेल तर मृताचं नाव घेऊ नकोस, कुटुंबाने घेतलं तरच.

वैद्यकीय बाजू : टेरिटरीत संधिवाताचा हृदयरोग (रुमॅटिक हार्ट डिसीज, हृदयाच्या झडपा खराब करणारा) अजूनही आहे, तरुण मुलींमध्ये. धाप लागते म्हटल्यावर 'गरोदरपणात लागतेच' म्हणून सोडू नकोस. सांस्कृतिक सुरक्षिततेचा हाही भाग, तिचं म्हणणं खरं मानणं.

निळी_शाई
धुराचं वाचून हसू आलं. आमच्याकडे आजीने बाळंतशोपा-ओव्याची धुरी दिली तेव्हा मेलबर्नच्या फ्लॅटमधला फायर अलार्म वाजला होता. म्हणजे आपल्या शेगडीसारखंच की.

गोंडवन
सारखं दिसतं खरं. पण तुमच्या आजीची शेगडी बघून कुणी बालसंरक्षण खात्याला फोन केला नाही. त्यांना ती धास्ती आहे, म्हणून त्या लपून करतात.

तळेगावकर
रेवती, हे सगळं 'अ‍ॅबोरिजिनल बायका अशाच असतात' असं नाही का होत? शहरात वाढलेली, वकील असलेली अ‍ॅबोरिजिनल बाई आली आणि तुम्ही तिला धुराबद्दल विचारलं तर ती वैतागेल.

रेवती_डी
वैतागेलच, आणि हा तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा. शेकडो भाषा, शेकडो राष्ट्रं. वरची यादी पाठ करून सगळ्यांना लावली तर ती नव्या कपड्यातली जुनीच चूक. म्हणून मी 'विचार' हा शब्द इतक्यांदा लिहिला. न्यूझीलंडच्या इरिहापेती रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने सांस्कृतिक सुरक्षिततेची कल्पना मांडली, तिचा गाभाच असा : सेवा सुरक्षित होती की नाही हे घेणारा ठरवतो, देणारा नाही. २०१८ पासून ते इथल्या नर्स-मिडवाइफच्या आचारसंहितेत आलंय. तेव्हा 'गोऱ्यांना माफी मागायला लावतात' म्हणून टीव्हीवर केवढा गहजब झाला होता!

आरोही, तुझी एक जमेची बाजू आहे. त्या तुला विचारतील, कुठली तू, तुझी माणसं कुठली? 'इंडिया' म्हणून थांबू नकोस. गाव सांग, आई कुठे असते, भावंडं किती, पोरं कुणाकडे ठेवून आलीस, सगळं. तपासणीच्या टेबलाआधी पाच मिनिटं त्यात घाल. आणि वॉर्डात अ‍ॅबोरिजिनल संपर्क अधिकारी असेल, तिला पहिल्या आठवड्यात जाऊन भेट. अडचण आल्यावरच धावत जाऊ नकोस.

आरोही_एन
आईचं गाव, भावंडं, वार, दुभाषी, संपर्क अधिकारी. वहीत उतरवलं. प्रशिक्षणाच्या त्या स्लाइडवर यातलं जेमतेम एखादं होतं. पोरं कुणाकडे ठेवून आले, हे मात्र मला रडू न येता सांगता आलं पाहिजे.

रेवती_डी
आलं तरी चालतं गं.

डॉ_सुमंत
पेपर रात्री वाचला. माझी निवडीची शंका पूर्ण गेलेली नाही. पण फरक एवढा आहे की सगळा निवडीच्या खात्यात टाकणं कठीण. शस्त्रक्रियागृह कुणी काढून घेतलेलं नाही, तेव्हा माझा पहिला आक्षेप मागे घेतो. कुर्माघराचा तसाच ठेवतो.

एक व्यावहारिक प्रश्न. ही एकच ओळखीची मिडवाइफ, तिच्याकडे वर्षाला किती बायका असतात?

रेवती_डी
पूर्ण वेळ असेल तर साधारण ३५ ते ४०.

डॉ_सुमंत
वर्षाला?

रेवती_डी
वर्षाला.

डॉ_सुमंत
आमच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या सिस्टरला हे वाचून दाखवत नाही. ती आजच राजीनामा देईल.